साडेसहा घोड्यांची बुगाटी

लांबून बघाल तर १९२०च्या दशकातली ग्रां प्री रेसकार. निळा रंग, तारांची उंच, बारीक चाकं, बॉनेटवरून आवळलेला चामडी पट्टा आणि मागे होडीच्या टोकासारखी निमुळती शेपटी. चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर जुन्या वैमानिकांसारखा गॉगल. त्याची दोन्ही कोपरं गाडीबाहेर, कारण आत जागाच नाही.

आता जरा जवळ या. ते हेडलाइट म्हणजे केक भाजायची दोन भांडी आहेत. रेडिएटरची जाळी खोटी आहे, कारण तिच्यामागे रेडिएटर नाही. त्या लांबलचक बॉनेटखाली इंजिनही नाही, तिथे चालवणाऱ्याचे पाय आहेत! इंजिन आहे पाठीमागे, शेपटीत लपवलेलं. ते कुठल्याही रेसकारचं नाही. पाण्याच्या पंपावर किंवा जनरेटरवर असतं ना, दोरी ओढून चालू करायचं? तेच. आणि अख्ख्या गाडीची उंची तुमच्या कमरेपर्यंतसुद्धा येत नाही.

या प्रकाराला म्हणतात सायकलकार्ट. नावात सायकल असली तरी पेडल नाही, आणि कार्ट असली तरी मॉलच्या गच्चीवर मिळते ती गो-कार्टही नाही. घरी, स्वतःच्या हातांनी, जुन्या रेसकारच्या रुपड्यात बांधलेली एक माणसाची छोटी गाडी. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये लोक ती घरच्या गॅरेजमध्ये बांधतात, मग एकत्र जमून पळवतात.

‘भारी आहे, पण याचं आपण काय करायचं?’ असं वाटत असेल तर थांबा. या एवढ्याशा गाडीत मेकॅनिकलच्या चार वर्षांतलं निम्मं शिक्षण दडलंय. तुम्ही आर्ट्स किंवा कॉमर्सला असाल, तरी यातली एक गोष्ट तुमच्याही उपयोगाची आहे. ती शेवटी सांगतो.

तबेल्यातली मोटार

या वेडाचं मूळ शोधायला १९१०पर्यंत मागे जावं लागतं. तेव्हा मोटार म्हणजे श्रीमंतांचा थाट. सामान्य तरुणाला फार तर मोटारसायकल परवडायची. मग युरोपातल्या काही खटपट्या मंडळींनी मधला मार्ग काढला. मोटारसायकलचं इंजिन घ्यायचं, ताकद चाकांपर्यंत न्यायला पट्टे किंवा साखळ्या लावायच्या आणि हलक्या सांगाड्यावर चार चाकं बसवायची. झाली ‘सायकलकार’!

यातले काही नमुने आज बघितले तर हसू येईल. फ्रान्सच्या बेदेलियामध्ये दोन माणसं एकामागे एक बसायची आणि चालवणारा मागच्या सीटवर असायचा. स्टिअरिंग फिरवलं की तारेनं पुढचा अख्खा अ‍ॅक्सल ओढला जायचा. इंग्लंडमध्ये गॉडफ्रे आणि फ्रेझर-नॅश या दोघांची फिन्सबरी टेक्निकल कॉलेजात शिकताना गाठ पडली. १९१०मध्ये त्यांनी ‘जी.एन.’ नावाची सायकलकार काढली. सुरुवातीच्या गाड्या कुठे बांधल्या? फ्रेझर-नॅशच्या घरच्या तबेल्यात.

१९१२पर्यंत हे पीक इतकं वाढलं, की सायकलकार कशाला म्हणायचं याची आंतरराष्ट्रीय व्याख्या करावी लागली. मोठ्या गटासाठी वजन ३५० किलोपर्यंत आणि इंजिन ११०० सीसीपर्यंत. दहा वर्षांनी, १९२२मध्ये ऑस्टिन सेव्हन आली. आकारानं लहान, पण चार सिलिंडरची खरीखुरी मोटार. तिच्यापुढे या खटपटी गाड्या टिकल्या नाहीत.

तिकडे रेसिंगच्या जगात १९२४मध्ये लियॉं इथल्या ग्रां प्रीत बुगाटी टाइप ३५ उतरली. आजही अनेकांना ती सगळ्यात देखणी रेसकार वाटते. एत्तोरे बुगाटीनं १९२६मध्ये आपल्या धाकट्या मुलासाठी, रोलांसाठी, तिची अर्ध्या आकाराची, विजेवर चालणारी प्रतिकृती बनवली. गिऱ्हाइकांनी ती पाहिली आणि ‘आमच्या पोरांनाही हवी’ म्हणून मागणी आली. त्या ‘बेबी बुगाटी’ पुढे सुमारे पाचशे बनल्या. म्हणजे मोठी रेसकार लहान करून बघायचा मोह शंभर वर्षं जुना आहे.

पुढचा धागा कॅलिफोर्नियात सापडतो. १९५६मध्ये आर्ट इंगल्स या रेसकार बांधणाऱ्या कारागिरानं गवत कापायच्या यंत्राचं इंजिन एका सपाट सांगाड्यावर बसवलं आणि गो-कार्ट जन्माला आली. ती झपाट्यानं वेगवान आणि महागडी होत गेली. १९९०च्या दशकात त्याच दक्षिण कॅलिफोर्नियात पीटर स्टीव्हन्सन आणि त्यांच्या मित्रांनी मुद्दाम उलटा रस्ता धरला. स्टीव्हन्सन हे घरी बांधता येतील अशा प्लायवूडच्या होड्यांचे आराखडे करणारे डिझायनर. त्यांनी सायकलकारमधली ‘सायकल’ घेतली, गो-कार्टमधली ‘कार्ट’ घेतली आणि ठरवलं, की गाडी कमी ताकदीची, स्वस्त आणि सुंदर ठेवायची.

या मंडळींचा एक मोठा मेळा वॉशिंग्टन राज्यातल्या टायटन नावाच्या गावी भरत आलाय. सफरचंदांच्या बागांचा तो मुलूख आहे. तिथल्या फळांच्या जुन्या गोदामांमध्ये आता कलाकारांनी कार्यशाळा थाटल्यात. मेळ्याच्या वेळी त्या गावाच्या रस्त्यांवर छोट्या बुगाट्या, छोट्या अल्फा रोमिओ आणि छोट्या बेंटली धूळ उडवत पळतात.

आधी मर्यादा, मग गाडी

सायकलकार्टची गंमत तिच्या मर्यादांत आहे. नियम कडक नाहीत, पण सगळे साधारण त्याच मापात बांधतात. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर ६६ इंच, म्हणजे १६८ सेंटिमीटर. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ३६ इंच, म्हणजे ९१ सेंटिमीटर. रिम १७ इंची, मोपेड-मोटारसायकलच्या धाटणीची. वजन अडीचशे पौंडांच्या, म्हणजे ११३ किलोंच्या आसपास. इंजिन एकाच सिलिंडरचं, १९६ सीसी, हवेनं थंड होणारं. बाजारात ते साडेसहा हॉर्सपॉवरचं म्हणून ओळखलं जातं.

‘साडेसहा? माझ्या स्कूटरला याहून जास्त आहे!’ बरोबर. म्हणूनच सांगतो, वेग हा इथला मुद्दाच नाही. ताकद बांधून ठेवली की पैसा ओतून पुढे जायची वाट बंद होते. मग उरतं एकच: तुम्ही किती नीट विचार केलाय.

चला, वही काढा. आपण कागदावर एक गाडी बांधू.

पहिली रेघ: तुम्ही बसणार कुठे?

नवखा माणूस आधी बॉनेट काढतो. तुम्ही आधी स्वतःला काढा. तुमचं वजन ६५ किलो धरलं, तर गाडी आणि तुम्ही मिळून १७८ किलो. त्यातले जवळपास ३७ टक्के तुम्हीच. या गाडीतला सगळ्यात जड सुटा भाग इंजिन नाही, तुम्ही आहात. त्यामुळे सीट किती उंचीवर, यावर गाडीचा स्वभाव ठरतो.

एक सोपा हिशेब. चाकांमधल्या अंतराच्या निम्मं घ्या आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीनं भागा. ९१चे निम्मे साडेपंचेचाळीस. तुमच्यासकट गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर असेल, तर उत्तर येतं एकच्या आसपास. सीट उंच करून तो ६० सेंटिमीटरवर नेलात, तर ०.७६. आता कोरड्या डांबरावर साध्या टायरची पकड साधारण ०.७ ते ०.८ असते. म्हणजे काय? पहिल्या गाडीत वळणावर जास्त जोर केला तर आधी टायर घसरतील. घसरलेली गाडी सावरता येते. दुसऱ्या गाडीत टायर सुटायच्या आधी आतली चाकं उचलली जाऊ शकतात आणि गाडी उलटते. फरक फक्त १५ सेंटिमीटरचा, वहीतल्या एका रेघेचा.

चाकं: सायकलची लावू नका

‘जुन्या सायकलची चाकं लावली तर?’ हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. दिसायला ती छानच दिसतात. पण सायकल आणि मोटारसायकल वळताना झुकतात. त्यामुळे चाकावरचा भार चाकाच्या उभ्या पातळीतच राहतो. चारचाकी झुकत नाही, तिचं चाक वळणावर बाजूनं ढकललं जातं. सायकलच्या बारीक तारा त्यासाठी केलेल्या नसतात. एका जोरदार वळणात चाकाचा पापड होतो. म्हणून जाड तारांचं, रुंद हबचं मोटारसायकलचं चाक लागतं.

पण तिथेही एक मेख आहे. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचा अ‍ॅक्सल दोन्ही बाजूंनी फोर्कमध्ये धरलेला असतो. तुमच्या गाडीत तो एकाच बाजूनं धरलेला, दुसरं टोक हवेत. बाल्कनीसारखा. त्यामुळे जुना बारीक अ‍ॅक्सल तसाच ठेवून चालत नाही. भरीव गोल दांड्याची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १२ मिलिमीटरचा दांडा १६चा केलात, तर ताकद सुमारे २.४ पट. चार मिलिमीटरमध्ये एवढा फरक! स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समधलं हेच सूत्र तुम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं असेल. इथे त्यावर तुमचं पुढचं चाक टांगलेलं आहे.

वळायचं कसं?

गाडी वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या. दोन्ही सारखीच वळवली तर एक टायर कायम घासत राहणार. यावरचा उपाय दोनशे वर्षांपूर्वीचा, घोडागाडीच्या काळातला आहे. म्युनिकच्या लँकेनश्पेर्गर या गाडी बनवणाऱ्यानं तो शोधला आणि त्याचा लंडनमधला प्रतिनिधी रुडॉल्फ अ‍ॅकरमन यानं १८१८मध्ये पेटंट घेतलं. नाव राहिलं अ‍ॅकरमनचं.

युक्ती सोपी आहे. पुढची चाकं ज्या उभ्या खिळीवर फिरतात, तिथून मागे जाणारे छोटे दांडे समांतर ठेवायचे नाहीत. ते किंचित आत झुकवायचे, इतके की त्यांच्या रेघा वाढवल्या तर मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यावर मिळतील. आपल्या गाडीत दोन खिळींमधलं अंतर ३० इंच धरलं, तर आतलं चाक ३० अंश वळेल तेव्हा बाहेरचं साधारण साडेचोवीस अंश वळायला हवं. हे तपासायला कॅड लागत नाही. पुठ्ठ्याच्या पट्ट्या, टाचण्या आणि कोनमापक पुरे.

मागे मात्र डिफरन्शियल नाही, ते महाग आणि जड. मग दोन पर्याय. एकच मागचं चाक फिरवायचं आणि दुसरं मोकळं सोडायचं, किंवा दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवायची. पहिल्यात गाडी सहज वळते, पण वाळूत किंवा खडीवर ते एकच चाक जागीच फिरत बसतं. दुसऱ्यात पकड चांगली, पण वळणावर गाडी सरळ जायचा हट्ट करते. दोन्ही पर्याय चालतात. कुठला का निवडला, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

घोडे आणि लगाम

१७ इंची रिमवर टायर चढवलं की बाहेरचा व्यास साधारण २२ इंच होतो. म्हणजे चाकाचा एक फेरा जवळपास पावणेदोन मीटर. इंजिन मिनिटाला ३६०० फेरे घेतं. इंजिनाकडे १० दातांचं स्प्रॉकेट आणि अ‍ॅक्सलवर ६० दातांचं लावलं, तर चाक फिरेल मिनिटाला ६०० वेळा. ६०० गुणिले १.७५ म्हणजे १०५० मीटर मिनिटाला, तासाला ६३ किलोमीटर. झाला टॉप स्पीड!

पण थेट साखळी लावली तर गाडी जागची हलताना इंजिन बंद पडेल. त्यासाठी काही जण फेऱ्यांबरोबर आपोआप पकडणारा सेंट्रिफ्युगल क्लच लावतात. बरेच जण पट्टा आणि दोन फाकणाऱ्या पुलींची जोडी वापरतात. ओळखीचं वाटतंय? तुमच्या गिअरलेस स्कूटरच्या पोटात हेच असतं. स्कूटर सर्व्हिसिंगला टाकाल तेव्हा एकदा मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून ते उघडलेलं बघा. दोन तासांच्या लेक्चरपेक्षा ती दहा मिनिटं जास्त शिकवतील.

आता ब्रेक. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. फक्त मागच्या चाकांना ब्रेक असेल तर तो दाबल्यावर गाडीचा भार पुढे सरकतो आणि नेमकी मागची चाकं हलकी होतात. अशा वेळी ०.३ जीच्या आसपास मंदन मिळालं, तर गाडी थांबायला जवळपास ४७ मीटर लागतील. चारही चाकांना नीट ब्रेक असून ०.६ जी मिळालं, तर निम्मं, साधारण २४ मीटर. म्हणजे आपल्या कागदी गाडीच्या वहीत आता लिहा: एकतर पुढच्या चाकांना ब्रेक लावायचे, नाहीतर ६० दातांऐवजी ७२ दातांचं स्प्रॉकेट लावून टॉप स्पीड पन्नाशीच्या आसपास आणायचा. बाकी काही कमी-जास्त झालं तरी चालेल, इथे नाही. सोबत हाताशी किल स्विच, साखळीवर बंदिस्त झाकण, हेल्मेट आणि हातमोजे. यात ‘विंटेज लुक’साठी तडजोड नाही.

पुठ्ठ्याची बुगाटी

आता येतं ते काम, ज्यात आर्ट्स, कमर्शियल आर्ट आणि आर्किटेक्चरवाले भाव खाऊन जातात. बॉडी!

चासी साधी असते. ग्रिलवाल्याकडे मिळतो तसा लोखंडी आयताकृती पाइप घेऊन बांधलेली शिडी. पुढे बऱ्याचदा कमानीसारखा वाकलेला पाटा, ट्रकखाली असतात त्याचंच पिल्लू. त्यावर पातळ प्लाय, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा किंवा ताणलेलं कापड. पण ती जुनी गाडी ‘वाटते’ कशामुळे? बारीकसारीक नक्षीमुळे नाही, प्रमाणांमुळे. चाकं मोठी, बॉडी अरुंद. पुढची चाकं अगदी टोकाला. बॉनेट लांब, तुम्ही जवळजवळ मागच्या अ‍ॅक्सलवर. ही प्रमाणं जमली तर नुसता पुठ्ठाही बुगाटी वाटतो. बिघडली तर हजारो रुपयांचा रंगही वाचवू शकत नाही.

म्हणून आधी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणा. जमिनीवर खडूनं चार चाकं आखा. मध्ये पाट ठेवून बसा आणि हातात स्टिअरिंग म्हणून ताट धरा. भोवती पुठ्ठा उभा करून मित्राला बाजूनं फोटो काढायला सांगा. फोटो जुन्या रेसकारच्या फोटोशेजारी ठेवा. काय चुकतंय ते लगेच दिसेल. पुन्हा कापा. पुठ्ठा स्वस्त आहे.

रंगालाही इतिहास आहे. त्या काळी रेसकारचा रंग देशावरून ठरायचा. फ्रान्सचा निळा, इटलीचा लाल, ब्रिटनचा हिरवा, बेल्जियमचा पिवळा. मग हेडलाइट, आरसे, पेट्रोलच्या टाकीचं झाकण हे सगळं भांड्यांच्या दुकानात आणि भंगारवाल्याकडे शोधायचं. हा शोध हाच अर्धा खेळ.

पहिला कोण आला?

सायकलकार्टवाल्यांमध्ये हा प्रश्न विचारायचा नसतो. शर्यत असते, पण जिंकण्यासाठी जीव टाकणं तिथे असभ्य समजलं जातं. एखादी गाडी वाटेत बंद पडली, तर बाकीचे पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन धावतात.

आपल्याला हे जरा विचित्र वाटतं. दहावीपासून आपण रांगेत आहोत. टक्केवारी, पर्सेंटाइल, रँक, कट-ऑफ. कॉलेजात बाहा एसएईसारख्या चांगल्या स्पर्धा आहेत, ज्यात विद्यार्थी स्वतः ऑल-टेरेन गाडी बांधतात. महाराष्ट्रातल्या कित्येक कॉलेजांच्या टीम त्यासाठी रात्री जागवतात. तिथे मिळणारं शिक्षण अस्सल आहे. पण त्या टीममध्ये सगळ्यांना जागा मिळत नाही. उरलेल्यांचं काय?

उरलेल्यांपैकी मी एक होतो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आम्ही चौघांनी ‘आणला’ होता. हो, बनवला नव्हता, आणला होता. तयार मॉडेल, तयार रिपोर्ट. पहिल्या पानावर फक्त आमची नावं. व्हायव्हाला बाहेरच्या सरांनी एका गिअरकडे बोट दाखवून विचारलं, ‘याला एवढेच दात का?’ आम्ही चौघंही एकमेकांकडे बघत राहिलो. सर काही बोलले नाहीत. मार्क चांगले मिळाले. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र आजही माझ्याकडे नाही, कारण ते मॉडेल कधी माझं नव्हतंच.

पुढे पहिल्यांदा सायकलकार्टचे फोटो पाहिले, तेव्हा मला ते सर आठवले. ही गाडी ‘आणता’ येत नाही. आणलीत तरी वळणावर तुम्हीच तिच्यात बसलेले असणार. आपल्या वेल्डवर आपणच बसायचं म्हटलं, की माणूस वेल्डरला चार प्रश्न जास्त विचारतो. तो सांगतो तेव्हा ऐकतो. पुन्हा करून घ्यायला लाजत नाही. एवढेच दात का, हे त्याला माहीत असतं.

सुरुवातीला म्हटलं होतं ना, सगळ्यांच्या उपयोगाची एक गोष्ट आहे? ती हीच. वर्षातून निदान एक काम असं करा, ज्यात कोणी मार्क देणार नाही, पण प्रत्येक ‘का’चं उत्तर तुमच्याकडे असेल. ती गाडीच असायला हवी असं नाही. शॉर्ट फिल्म असेल, कॉलेजचा अंक असेल, गच्चीवरची बाग असेल.

आणि गाडीच बांधायची असेल तर...

काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८नुसार नोंदणी नसलेलं मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. सायकलकार्टही त्यात आली. सोसायटीबाहेरचा रस्ता, रविवारचा रिकामा हायवे, किनारा, सगळं बाद. बंदिस्त खासगी जागा, मालकाची लेखी परवानगी आणि जबाबदार मोठं माणूस हजर, हे जमत असेल तरच इंजिनाला दोरी.

एकट्यानं करू नका. मेकॅनिकलचे दोघं, बॉडीसाठी चित्रकलेत हात असलेला एक आणि हिशेब ठेवणारा कॉमर्सचा एक, अशी चौकडी जमवा. खर्चाची कमाल मर्यादा पहिल्याच दिवशी कागदावर लिहा आणि चौघांनी सह्या करा. स्टिअरिंगचे, अ‍ॅक्सलचे आणि ब्रेकचे जोड हात बसलेल्या वेल्डरकडूनच करून घ्या. व्हिडिओ बघून शिकलेलं वेल्डिंग टेबल-खुर्चीवर आजमावा. पहिली चाचणी इंजिनाशिवाय, मित्रांनी ढकलून घ्या. गाडी सरळ जाते का, वळून परत येते का, थांबते का? या तिन्हीला ‘हो’ मिळाल्यावर इंजिन बसवा. सुरुवातीला अ‍ॅक्सिलरेटर निम्म्यावरच अडकेल असा अटकाव ठेवा.

इंजिनासाठी लगेच नवं दुकान शोधू नका. गावाकडे कुणाच्या शेडमध्ये फवारणी पंपाचं किंवा पॉवर वीडरचं इंजिन धूळ खात पडलेलं असतं. काकांना, मामांना विचारा. ते दोरी ओढून दाखवतील, आणि कार्ब्युरेटर कसा साफ करायचा हेही तेच शिकवतील.

हे सगळं व्हायला एक वर्ष लागेल, कदाचित दोन. घाई नाही. या रविवारी फक्त एवढंच करा: कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जा आणि फ्रिजचं एक रिकामं खोकं मागून आणा.